चूक साच्यातच हवी

आमच्या क्रेगीबर्नच्या घरी गॅरेजमध्ये गाडी मावत नाही. तिथे बिस्किटांच्या डब्यांतून इंग्लंडची चिल्लर भरलीय, आणि तिच्यासारखेच या गॅरेजमधले किस्सेही साठत गेलेत. एक काढायला जावं तर मूठभर बाहेर येतात!

माझा मुलगा मंगेश इकडे येण्याआधी इंग्लंडात नोकरीला होता, तिथली ही नाणी. दर शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, तो आणि त्याचा वसईचा मित्र सॅव्हियो भिंगं घेऊन बसतात. शोधतात काय, तर चूक! अक्षर दोनदा उमटलेलं नाणं. पाच वर्षं झाली, एक मिळालं नाही. शेवटी माझी सून केतकी म्हणाली, "गणपतीपर्यंत एक तरी खरं दाखवा. नाहीतर डबे ऑप शॉपला दान, आणि माझी गाडी आत!"

*

मी एकदा म्हटलं, "दोनदा उमटलेली तर दर शनिवारी दाखवता की रे!"

सॅव्हियो म्हणाला, "तसं नाही काकू. नाणं ठोकताना ठसा सरकला, तर ते फुकट. ठसा बनवतानाच अक्षर दोनदा बसायला हवं. मग त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तीच चूक, त्याच जागी."

"म्हणजे मोदकाचा साचा! साच्यातच रेघ जास्त असली तर एकवीसच्या एकवीस मोदकांवर येणार. माझा हात हलला तर एकाचंच नाक वाकडं."

दोघेही इंजिनियर, तरी सॅव्हियोने वहीत लिहून घेतलं!

*

हाच सॅव्हियो एकदा ओरडला, "मिळालं! राणीचं नाक डबल!" मंगेशचा चहा सांडला.

"कानपण डबल! सालपण डबल!" मग त्याने मान वर केली. "काकू, तुम्हीपण डबल."

चष्मा आदल्याच दिवशी बदलला होता.

*

मंगेशने एका नाण्याचा फोटो इंग्लंडातल्या नाणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "कडेला सपाट पायरी दिसतेय मेट. ठसा सरकलाय." मंगेश दोन दिवस धड जेवला नाही.

तिसऱ्या दिवसापासून तोच जाणकार! ग्रुपवर कुणाचाही फोटो आला की भिंग न लावता, "सपाट आहे. सरकलाय." नातीच्या वाढदिवसाला केतकीने केकवर नाव काढलं, ते जरा फेंगडं झालं. हा वाकून म्हणाला, "सपाट आहे. सरकलाय."

त्या दिवशी त्याला केक मिळाला नाही.

*

मला इंग्रजी अक्षर ओळखू येत नाही, आणि तेच कामाला आलं. ही दोघं वाचत सुटतात, मला नुसत्या रेघा दिसतात. एका दुपारी मी सहज भिंग लावलं. तांबूस, दोन पेन्सचं नाणं. म्हटलं, "या खांबाला खाली दोन पाय कसे फुटलेत रे? दोन्ही छान गोल, सपाट नाहीत, मध्ये खाच."

मंगेशने पाहिलं, सॅव्हियोने पाहिलं. मग दोघांनी तो डबा जमिनीवर पालथा केला. तासाभराने दुसरं सापडलं. तेच अक्षर, तेच दोन पाय!

"साच्यातली चूक," मी म्हटलं. मंगेशने मला उचललंच!

गणपती आठवड्यावर आले होते. ब्रायन नावाचे एक म्हातारे जाणकार आरतीला येऊन निकाल देणार, असं ठरलं.

*

गणपतीच्या दिवशी आरती झाली. मंगेश देवापुढे ठेवलेलं त्या दोन नाण्यांचं कागदी पाकीट शोधायला लागला. पाकीट होतं, रिकामं.

"आई, यातली नाणी?"

"पूजेलाच ठेवली होतीस ना? घेतली की मी. एक कलशात आहे बघ."

त्याने कलशात हात घालून नाणं काढलं, पुसलं, ब्रायनसमोर धरलं. ब्रायन बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "इट्स रिअल, मेट," ते म्हणाले. सॅव्हियोने बाप्पाचा जयजयकार केला तो पार रस्त्यापर्यंत गेला असेल!

"पण हे घासलं कोणी?" ब्रायन म्हणाले. "घासलेलं नाणं कोणी जाणकार हातात धरत नाही. गेलं ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. केतकी म्हणाली, "खरं आहे म्हणाले ना? मग झालं. डबे राहू देत."

ब्रायनना मंगेशची दया आली असावी. "याचं जोडीचं आहे ना अजून एक?"

मंगेशचा चेहरा एकदम फुलला. "आई, दुसरं कुठाय?"

"हे काय, विड्यावर!" मी म्हटलं. "देवापुढे काळं ठेवतात होय? दोन्ही चिंच-मीठ लावून घासलीत. तोंड बघून घे त्यात!"