शंकरपाळीची फरशी

शाळा मी तिसरीत सोडली, पण शंकरपाळीचा आकार मला कुणी शिकवायला नको. चौकोन कोपऱ्यावर उभा केला आणि दोन्ही अंगांनी जरा दाबला की झाली शंकरपाळी. सोलापुरात उभा जन्म फरश्या बसवण्यात गेला माझा.

मागच्या उन्हाळ्यात वळसंगजवळच्या आमच्या गावात महादेवाच्या देवळाची फरशी बदलायचं निघालं. पंचांना साधे चौकोन हवे होते, मला शंकरपाळी. गुडघे आता ऐकत नाहीत. ही माझी शेवटची फरशी. मी ठणकावलं, "नावातच शंकर हाय की! त्येच्या देवळात दुसरं बसवनार न्हाय." देवाचं नाव घेतल्यावर कोण बोलतंय? उद्या पक्कं करू, म्हणाले.

शहरात येऊन जोडीदाराला सांगितलं. हा माझा दगड कापणारा, मुसलमान. शहाबादीची कड अशी काढतो की बोट फिरवत बसावं. तो हसायलाच लागला.

"शंकर का नै मिस्त्री, शक्कर का है. हमारे में शक्करपारा बोलते. पारा बोले तो टुकडा."

"गप रे. आमच्या दिवाळीचं हाय ते."

घरी बायकोला विचारलं, "शंकरपाळीत शंकराचं काय असतंय?"

"मैदा असतोय, तूप असतंय, साखर असती," ती म्हणाली. "शंकर कुटला घालू?"

राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, त्या शब्दाचं कौतुकच वाटायला लागलं. कुठल्या मुलखातनं, कुणाच्या कढईतनं आला, आणि आमच्या बायकांच्या तोंडी घोळता घोळता देवाचं नाव लावून बसला! तू कुठला, म्हणून कुणी विचारलं नाही. मग डब्यातनं उठून गोधडीवर गेला, चादरीवर गेला, कुंपणाच्या जाळीत गेला. खायच्या वस्तूचं नाव आकाराला मिळालं. केवढी मजल!

दुसऱ्या दिवशी पंचांना खरं ते सांगून टाकलं. माझ्या हट्टाला देवाची खोटी साक्ष नको. "नाव साखरेचं हाय. आकार मातूर मला ह्योच पायजे."

"काल शंकर, आज साखर, उद्या काय गूळ व्हय?" एक पंच म्हणाला. "चौकोनच लावा." सगळे हसले. गेली म्हटलं फरशी हातची.

पुजारी घरी कन्नड बोलणारे, एरवी चार शब्दांच्या वर जात नाहीत. ते म्हणाले, "साखरेला आमी सक्करी म्हंतो. रोज सकाळी देवाम्होरं तीच ठेवतो की. नावात नसंल, निवदात हाय. बसवू द्या त्येला."

गूळ काढणारा पंचच म्हणाला, "बसवा मग."

जोडीदार येऊन कापायला बसला. भिंतीकडेला शंकरपाळी अर्धी करावी लागते, तिथं दगडाचा टवका हमखास उडतो. त्याचा एकही उडाला नाही. मी बसवत बसवत गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो, तेव्हा तो बाहेरनं ओरडला, "मिस्त्री, शक्करपारे कम पडे क्या?"

"शंकरपाळी म्हन," मी म्हणालो, "आनि अजून दोन दे."