सॉना चैत्रात घ्यावा

आमच्या घरामागे, न्हाणीघराला लागून, सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी एक मोकळी जागा आहे. पूर्वी तिथे जुन्या मागांचे सुटे भाग पडलेले असत. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी ती जागा स्वतःच्या हाताने साफ केली, फरशी घासली, भिंतीवर जाड वायरचा वेगळा पॉइंट काढून घेतला. तिथे सॉना बसवायचा होता. जागा अजून मोकळीच आहे. ती का मोकळी राहिली हे मी मुलीला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच.

सोलापुरात सॉना म्हटलं की लोक हसतात. जुळे सोलापुरातले आमचे शेजारी, निवृत्त मास्तर, म्हणाले होते, "मे महिन्यात गच्चीवर सतरंजी टाका की मालक, सरकारी सॉना आहे." मीही हसलो. पण बायकोच्या संधिवाताला आठ वर्षं होत आली होती. सकाळी उठल्यावर तिची बोटं उघडत नसत. औषधांनी जेवढा आराम पडे त्याहून जास्त उष्णतेने पडे. उन्हाळ्यात सगळी वसाहत दारं लावून कूलरपुढे बसलेली असताना ती एकटीच गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसायची. तासाभराने खाली यायची ती घामाने भिजून, पण हसऱ्या तोंडाने. "सुटले हात," म्हणायची. थंडीत मात्र तिचे हाल होत. गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन ती दिवस काढायची.

पुण्याला दिलेल्या आमच्या मुलीने तिथल्या एका व्यायामशाळेत अशी लाकडी खोली पाहिली. आत विजेची शेगडी, शेगडीवर दगड, आणि दार लावलं की भट्टीसारखी कोरडी ऊब. आईसाठी हे घ्याच, म्हणाली. वाफेची खोली स्वस्त पडली असती, पण वाफेला पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. सॉनाला पाणी लागत नाही. एवढा विचार झाल्यावर घ्यायचा की नाही हा प्रश्न उरला नव्हता. उरला होता तो फक्त भाव. आणि भाव म्हटलं की माझ्या अंगात दुसराच माणूस येतो.

तो माणूस कुठून आला ते सांगायला हवं. माझ्या वडिलांची मेंढरं होती. मंद्रूपच्या बाजारात ते उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करत. तोंडाने एक आकडा बोलायचा नाही, चेहरा दगडासारखा. "गरज डोळ्यात दिसली की माणूस गेला," म्हणायचे. हे मला तेव्हा नीट कळलं नाही. कळलं ते एकोणिसाव्या वर्षी, घोंगड्यांचं ओझं खांद्यावर घेऊन मी पहिल्यांदा नवी पेठेत आलो तेव्हा. एका दुकानदाराने माल उलटापालटा करून पाहिलाच नाही. माझे फुटलेले पाय पाहिले. हा पोरगा एवढं ओझं परत नेणार नाही हे त्याने ओळखलं आणि भीक घातल्यासारखा भाव दिला. मी तो घेतला. ते दुकान आता नाही, तो माणूसही नाही. माझा राग मात्र आहे.

त्यानंतर मी कुणालाही गरज दाखवली नाही. दोन जुने माग घेतले, दोनाचे आठ केले, टॉवेल काढले. सुरुवातीची कितीतरी वर्षं कांड्या भरायला बायकोच बसायची. ज्या बोटांनी ती सूत लपेटत होती तीच पुढे वाकडी झाली. कामाने हा आजार होत नाही असं डॉक्टर म्हणतात. मला ते कधी पटलं नाही.

सात रस्त्याजवळ एक तरुण दुकानदार हॉटेलांना आणि व्यायामशाळांना अशा खोल्या बसवून देतो. त्याला मी घरी बोलावलं. तो यायच्या आधी बायकोला म्हणालो, "हात पदराखाली ठेव. बोटं दिसली की तो भाव सोडणार न्हाय."

"बरं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मग च्या कोण दिनार?"

चहा मी दिला. त्याला सांगितलं, पाहुणेरावळे येतात, एक शौक म्हणून विचार चालला आहे, नाही झालं तरी बिघडत नाही. ती दारात आली, पदराखालूनच नमस्कार केल्यासारखी वाकली आणि आत गेली. त्याने मापं घेतली, भाव सांगितला. मी उठून उभा राहिलो. माझं उठणं हेच माझं उत्तर असतं.

त्या थंडीत तो तीनदा आला. पहिल्यांदा मी लाकडात खोट काढली, दुसऱ्यांदा वायरिंगमध्ये. तिसऱ्यांदा त्याने शेगडीवरच्या दगडांचे पैसे वेगळे लावले होते. माझं डोकं फिरलं. त्याचं नमुन्यांचं रंगीत पुस्तक मी अंगणात भिरकावलं. "दगडाला पैसे मागतोस? या जिल्ह्यात दगडाशिवाय दुसरं आहे काय?" त्याने पुस्तक उचललं, धूळ झटकली आणि गेला. आतून बायको म्हणाली, "किती वरडता वो. पोरगं हाय ते." तिला वाटत होतं की सौदा मोडला. मी सांगितलं, मोडला नाही, मुरतोय. घोंगडी चैत्रात घ्यावी आणि माठ पौषात, हे मी धंद्यात शिकलो होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ऊब विकत घेणारा मी एकटाच असणार. तेव्हा भाव मी सांगेन.

यात चूक काय होती? हिशेब म्हणून आजही मला त्यात चूक सापडत नाही.

थंडी सरली. ती तिने कशी काढली ते मी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे समोर असून पाहिलं नाही. हात पदराखाली ठेवायला मी एका दिवसापुरतं सांगितलं होतं. तो दुकानदार पुन्हा कधी येईल याचा नेम नसल्याने तिने ते तसंच चालू ठेवलं असेल, किंवा मी भावात गुंतलोय, आपण दुखणं दाखवून घाई कशाला करायची, असं तिला वाटलं असेल. मी विचारलं नाही. आमच्या घरात मी आधी जेवतो आणि ती मागून, वडिलांच्या घरात होतं तसंच. त्यामुळे ती कशी जेवते हेही मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

चैत्रात त्याचा आपणहून फोन आला. भाव बराच उतरला होता. मी म्हणालो, बघू. मनात म्हणालो, वैशाखात आणखी उतरेल. तोवर बायको रोज गच्चीवर जात होतीच, उन्हाळा फुकटात काम करत होता.

एका दुपारी ती वेळेवर खाली आली नाही. वर गेलो तर पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर ओठ हलले पण शब्द नाही. मास्तरांच्या मदतीने तिला खाली आणलं, दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, म्हणाले. हा आजार नुसता सांध्यांचा नसतो, आत पसरतो. यापुढे गच्ची नाही, कोंडलेली उष्णता तर अजिबात नाही. मी सॉनाचं विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारायला नको होतं असं वाटलं.

मग म्हणाले, "थंडीत आणलं असतं तर औषध बदलता आलं असतं. आजार भडकलाय हे हातांवरूनच कळत होतं. तुम्ही त्यांचे हात पाहिले नव्हते का?"

मी म्हणालो, रोज पाहतो.

मीच डॉक्टरांना गळ घातली की तिला हृदयाचं सांगू नका. तिची थोरली बहीण त्यानेच गेली, त्या शब्दाचीच तिला धास्ती आहे. अशक्तपणा आहे, ऊन लागलं, एवढंच तिला सांगितलं. मुलीलाही तेवढंच. दिवसातून दोनदा आईशी बोलणाऱ्या मुलीच्या पोटात काही राहणार नव्हतं.

मुलगी आठ दिवस येऊन राहिली. एका रात्री तिने मला हात धरून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. बायको जमिनीवर पाठमोरी बसून जेवत होती. कडक भाकरी तिला मोडता येत नव्हती. दोन्ही मनगटांमध्ये धरून ती भाकरी ताटाच्या काठावर दाबत होती. तुकडा पडला की आमटीत ढकलायची, भिजला की चमच्याने. चमचा तिने मुठीत धरलेला नव्हता, अंगठा आणि तळव्यात अडकवला होता.

"हे कधीपासून आहे, बाबा?" मुलीने विचारलं. 

मुलीने मला न विचारता त्या दुकानदाराला फोन केला आणि आईची सगळी हकिगत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. मी मागेन तो भाव, वायरिंग त्याच्याकडून, दगडही. वर म्हणाला, "मालक, आधी बोलला असता तर थंडीतच बसवून दिलं असतं. शौक म्हणालात म्हणून मी शौकाचा भाव लावला."

त्याला आता असं म्हणायला काय जातंय, हे माझ्या मनात आलंच. अजूनही येतं. गरज दाखवली असती तर त्याने मला पिळलं असतं, का सोडलं असतं? दोन्हींपैकी काय झालं असतं हे आता कुणालाच कळणार नाही. मी त्याला म्हणालो, नको. त्याला वाटलं मी आणखी ताणतोय. तो आणखी खाली आला. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस खाली येत होता आणि मला त्याला थांबवता येत नव्हतं. शेवटी मी फोन ठेवला.

मुलगी परत निघाली. जाताना रिक्षात बसल्यावर म्हणाली, "एवढा कमी करून देत होता, तरी नाही म्हणालात. तुम्ही शेवटी पैसाच पाहिला." रिक्षावाला ऐकत होता. 

आता पुन्हा थंडी सुरू झाली आहे. गच्ची बंद केल्यापासून तिला ऊब कुठूनच नाही. नवीन औषधं चालू आहेत, त्यांनी बोटं सुटत नाहीत. लग्नाला चाळीस वर्षं होतील, तिने माझ्याकडे कधी बांगडीसुद्धा मागितली नाही. परवा सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. ती शेजारी येऊन बसली.

"अवो," ती म्हणाली, "ती लाकडाची खोली कवा बसवायची? यंदा थंडी लई पडल म्हणत्यात."

मी पेपरातून मान वर केली नाही.

"भावात बसंना," मी म्हणालो.

"लई सांगतुय का?"

"लई."

 मला वाटलं, आता तरी चिडेल. एकदा तरी चिडावं, मुलीसारखं तोंडावर बोलावं. मी तयार होतो.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "लबाड असत्यात ही लोकं. तुमी जिवाला लावून घिऊ नका."