गच्चीवरची लाल माती

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. नल्लकुंट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांच्या पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असत. पाण्यासाठीचं पत्रक, शाळेच्या फीविरुद्धचं, हुंड्याविरुद्धचं. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच कोऱ्या पाठीवर. बाबा गेल्यावर लिहिणं माझ्याकडे आलं. दिलसुखनगरच्या क्लासमध्ये शिकवून घरी आले की मी लिहायला बसे. एका पत्रकात मी लिहिलं होतं की घाबरलेला माणूस देवाकडे धावला की त्याला घाबरवणारा मोकळा सुटतो. आईने ते वाचलं, ‘चांगलं लिवलंयस’ म्हणाली आणि देव्हाऱ्यातल्या यल्लम्मापुढे निरांजन लावलं. मी त्या देव्हाऱ्यापुढे कधी वाकले नाही. आईने कधी वाकायला सांगितलंही नाही. आज मी जे लिहिते आहे ते वाचून माझ्या चळवळीतल्या सोबत्यांना वाटेल की ही बदलली. वाटू दे. घडलं तसं सांगते.

हिवाळ्यातल्या एका सकाळी हैदराबादेत जमीन हलली. फार नाही. ओट्यावरच्या वाट्या एकमेकींना लागून वाजल्या, बंद पंखा डोलला, खाली कुत्री भुंकली. मला कळेपर्यंत सगळं थांबलंही होतं. लोक जिन्यात आले, फोनवर बोलले, थोडे हसले आणि परत आपापल्या घरात गेले. आई मात्र अनवाणी खाली उतरली ती वर आलीच नाही. गल्लीच्या तोंडाशी यल्लम्माचं लहानसं देऊळ आहे. पुढे कडुनिंब, त्याच्याखाली कट्टा आणि कट्ट्यावर पत्र्याचं छप्पर. त्या पत्र्याखाली ती जाऊन बसली.

“चल ना आई घरी,” मी म्हणाले.

“मी न्हाई येत. वर माती हाय.”

ही माती म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची बाग. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारे सुब्बाराव गारू, निवृत्त मास्तर आणि आमच्या असोसिएशनचे अध्यक्ष, यांनी ती केली होती. गारू म्हणजे तेलुगूतलं आपलं ‘जी’. विटांचे वाफे, त्यांत लाल माती, त्यात टोमॅटो आणि गोंगूरा, म्हणजे आपली अंबाडी. माती बसली की दर पावसाळ्यानंतर ते वर नवी माती टाकत. अंबाडीची जुडी घरोघरी देत. आमच्याकडे आलेली जुडी आई घेई, त्यांना हसून नमस्कार करी आणि शेजारच्या मोलकरणीला देऊन टाकी. त्या गच्चीवरचं पानही तिने कधी खाल्लं नाही. मला तो तिचा लहरीपणा वाटे.

आई मूळची लातूरकडची. तिचं गाव पूर्वी निजामाच्याच राज्यातलं, पण ती हैदराबादला आली ती भूकंपाने अनाथ झाल्यावर, मावशीच्या आधाराने. तिच्या घराला दगडामातीच्या रुंद भिंती होत्या आणि वर माळवद, म्हणजे लाकडाच्या तुळयांवर मातीचं सपाट छत. दर उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस गळू नये म्हणून, माळवदावर नवा थर घालायचा. जुना कुणी काढत नसे. तिच्या आजोबांनी घातला, त्यावर बापाने घातला. ते ओझं त्या रुंद भिंती पेलतात, मग आपल्याला कसली भीती, असं सगळ्या गावाला वाटे. त्या वर्षी नवी माती पसरल्यावर ती तुडवून बसवायचं काम पोरांकडे आलं. आई आणि तिचा धाकटा भाऊ बाळू हातात हात घालून त्या मातीवर नाचले. खालून तिची आजी ओरडली, “हळू रे, घर पाडताव का?” आणि सगळे हसले. पाऊस संपता संपता, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना, जमीन हलली. आई दाराच्या चौकटीखाली अडकून वाचली. बाकी सगळे त्या मातीखाली गेले. विहिरीचं पाणी गढूळ झालं, रानात भेगा पडल्या, आणि गावात इतकी प्रेतं निघाली की एकेकाला वेगळा अग्नी देणं जमलं नाही. बाळूची राख कोणती, हे तिला कळलं नाही. जमीन हलली ती क्षणभर, ती म्हणे. माणसं मेली ती आपणच डोक्यावर साठवलेल्या मातीनं.

एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते तिने कट्ट्यावर सांगितलं. हैदराबादेत जमीन हलली त्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. सुब्बाराव गारूंनी नवी माती टाकली होती आणि त्यांच्या दोन नाती हातात हात घालून त्या मातीवर नाचत होत्या.

मी पेटून उठले. ओळखीच्या एका इंजिनिअर ताईंना आणलं. आमच्या बिल्डिंगला तळमजला नाही, नुसते खांब आणि त्यांत गाड्या. ताईंनी त्या खांबांच्या माथ्याला पडलेल्या तिरप्या भेगा दाखवल्या. बारीक पायांवर सगळं वजन वरच वर आहे, म्हणाल्या, आधी गच्ची हलकी करा, मग खांब जाड करून घ्या. मी पत्रक लिहिलं. बिल्डरने मंजुरीपेक्षा एक मजला जास्त चढवला, आपण त्यावर बाग चढवली, आणि उद्या काही झालं तर दैवाला दोष देऊ, असं त्यात सरळ लिहिलं. प्रत्येक दाराखालून सरकवलं. उत्तर म्हणून असोसिएशनने खांबांना हळदकुंकू लावून नारळ फोडला.

सुब्बाराव गारू माणूस वाईट नव्हता. आईला समजवायला ते स्वतः कट्ट्यावर आले. “अम्मा, हैदराबाद पूरा पत्थर पे बैठा सो है. यहां कुछ नै होता.”

“हमारे गाव में बी येईच बोलते थे, गारू,” आई म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. मला ते अम्मायी, म्हणजे मुली, म्हणत. “तुम्हारा कागज बढ़िया था अम्मायी. टमाटे उसी में बांध के बांटा मैं.”

मी जे बोलायचं ते सगळं बोलले, आणि मोठ्या आवाजात बोलले. त्याने इतकंच झालं की जे दोनतीन जण माझ्या बाजूचे होते तेही जिन्यात मला टाळू लागले.

आई कट्ट्यावरच राहिली. देवळाची पुजारीण तिला रात्री सोबत करी, मी गोधड्या नेऊन देई. थंडीने तिला खोकला लागला, मग ताप. डॉक्टर म्हणाले, यांना आत न्या, छातीत कफ भरतोय. मी दुसरं घर बघते म्हटलं, बरकतपुऱ्यात, बैठं, वर नुसता पत्रा असलेलं. तिने मान हलवली. “आपून जाऊ गं. त्या दोन पोरी कुठं जातील? मी इथून उठले तर वर माती हाय म्हणून कोन म्हनंल?” तिचे हात भाजत होते. मला कळून चुकलं की ही माती उतरेपर्यंत उठणार नाही, आणि माती उतरायच्या आधी ही जाईल.

त्या दिवशी संध्याकाळी देवळात दिवा लागला तेव्हा मी यल्लम्मासमोर उभी राहिले. हात जोडायचे कसे हेही मला नीट येत नव्हतं. मनात म्हणाले, तुझं माझं काही नातं नाही. माझ्याकडचे शब्द संपले. सांगून झालं, लिहून झालं, भांडून झालं. आता माझ्या हाती काही नाही. तुला जमत असेल तर हिला घरात आण. त्याला प्रार्थना म्हणायचं की हार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रडू आलं, एवढं खरं.

सकाळी मी फावडं आणि घमेलं घेऊन गच्चीवर गेले आणि पहिल्या वाफ्याची माती काढायला लागले. दोन घमेली जेमतेम भरली असतील, तोवर सुब्बाराव गारू वर आले. “कैकू हात लगाए? पूछे क्या किसी को?” त्यांचा आवाज ऐकून आणखी लोक आले. काय सांगायचं राहिलं होतं? मी तिसरं घमेलं भरत राहिले. त्यांनी माझ्या हातातलं फावडं धरलं.

तेवढ्यात जिन्याच्या दारात आई दिसली. अनवाणी, गोधडी खांद्यावर, भिंतीला धरून, धापा टाकत. तिच्यामागे एक अनोळखी वयस्क गृहस्थ, डोक्यावर जाळीची टोपी, बगलेत रिकामी पोती. ते रिक्षा चालवत. कट्ट्यापाशी रिक्षा थांबवून त्यांनी आईला विचारलं होतं, अम्मा, इधर साफ लाल मट्टी किधर मिलती? आईने कशाला म्हणून विचारलं होतं. आणि उत्तर ऐकून ती इतक्या दिवसांनी उठली होती, त्या बिल्डिंगमध्ये शिरली होती, आणि सगळे जिने चढून त्याच छतावर येऊन उभी होती.

“गारू,” ती म्हणाली, “इनों को मट्टी होना. घरवाली की कबर बैठ गई.”

त्या गृहस्थांनाच अवघडल्यासारखं झालं. “बारिशां में बैठ गई साब. कंकर की मट्टी डालने को दिल नै होता. नक्को बोले तो चले जातूं.”

सुब्बाराव गारूंनी फावडं मला परत न देता वाफ्याच्या विटांना टेकवून ठेवलं. त्यांनी त्या माणसाच्या बगलेतलं पोतं घेतलं, त्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं आणि मला म्हणाले, “डालो अम्मायी.”

त्या सकाळी पोती भरत गेली. रिक्षा जाऊन परत आली, पुन्हा गेली. त्यांच्या गरजेपुरती माती गेल्यावरही कुणी थांबलं नाही. जे मला जिन्यात टाळत होते ते घमेली घेऊन उभे होते. उरलेली माती देवळामागच्या पडक्या जागेत टाकली. आईला मी बसवून ठेवलं होतं, पण शेवटच्या पोत्याच्या वेळी ती उठली. तिने ओंजळभर माती घेतली, पदराच्या टोकात बांधली, टोक फाडलं आणि ती पुरचुंडी त्या गृहस्थांच्या हातात दिली.

“ये उनके बाजू में डालो भय्या. मेरे भाई की है. उसको कोई मट्टी नै दिया.”

“नाम क्या था अम्मा?”

“बाळू.”

“डालतूं,” ते म्हणाले, आणि पुरचुंडी त्यांनी खिशात न घालता हातातच धरून नेली.

आई तिथेच, रिकाम्या वाफ्यात बसली आणि रडली. तिच्या रडण्याचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. सुब्बाराव गारू पाठ करून उपटलेली अंबाडी गोळा करत राहिले.

ते गृहस्थ यल्लम्माने पाठवले का, हे मला कुणी विचारू नये. ते स्वतःच्या दुःखाने आले होते. मी फक्त एवढं सांगू शकते की मी मागितलं आणि दुसऱ्या दिवशी आई घरात आली. माझ्या पत्रकातला शब्दही खोटा नव्हता, आजही नाही. खांब अजून जाड व्हायचे आहेत, त्यासाठी मी लिहिते आहे आणि लिहीत राहीन. फरक इतकाच की पूर्वी मला वाटे, माझ्या सांगण्यानेच सगळं होईल. आता मी सांगते, आणि पुढचं सोडून देते. सोडून देताना हात रिकामे होतात, आणि कुणी पोतं पुढे केलं तर ते धरता येतं. कामावर जाताना मी कट्ट्यापाशी थांबते. काही मागत नाही. उपकार मानते आणि जाते.

माती उतरली त्या दिवशी संध्याकाळी सुब्बाराव गारू अंबाडीची शेवटची जुडी दाराशी ठेवून गेले. आईने ती निवडली, शिजवली, वरून लसणाची फोडणी दिली. ताट वाढून घेतलं. पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवला, आणि मग जेवली.