डेन्झिलचा गळ

आमच्या बंदराच्या गावात वाचनालयाच्या पुस्तकांवर खुणा करायची रीत जुनी. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येत नाही. डेन्झिल ट्रेविनची खूण मासे धरायचा गळ. त्याच्या बायकोची, टॅम्सिनची, दोऱ्याची गाठ. वाचनालय मी सांभाळायचे. खणात रबर होतं, पण त्या खुणा खोडायला हात धजायचा नाही.

दोघांना टॅपस्कॉटच्या रहस्यकथांचं वेड. तो म्हातारा गुप्तहेर चष्मा पुसायला लागला की खुनी सापडला समजायचं. तिथं आलं की पुस्तक मिटून आपला खुनी सांगायचा. चुकेल त्यानं चहाबरोबरचा आपला केशर घातलेला पाव दुसऱ्याला द्यायचा. डेन्झिलला तो पाव कधी मिळाला नाही.

त्याच्या आजारपणात असंच एक पुस्तक उशाशी होतं. तो गेल्यावर शेजारणीनं ते परत आणून दिलं. टॅम्सिन मात्र फिरकली नाही. मग एकदा धुक्यानं भिजलेला रुमाल डोक्यावरून काढत ती आली आणि तेच पुस्तक मागितलं.

"शेवटचं पान तू बघ बाई," ती म्हणाली. "मी बघितलं तर खुनी कळेल. डेन्झिलचा गळ आहे का, तेवढं सांग."

खुणा बऱ्याच होत्या. गळ नव्हता. मी खरं तेच सांगितलं.

"म्हणजे न कळताच गेला," एवढंच म्हणून तिनं पुस्तक कोटाच्या आत धरलं.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून निघाले, तर ती त्याच्या कबरीपाशी ताडपत्री टाकून बसलेली. धुकं असं, की खाली समुद्र आहे हे नुसतं ऐकू यावं. तिनं मला शेजारी बसवलं. शेवटचं प्रकरण तिनं राखून ठेवलं होतं.

"हा अंथरुणातूनच म्हणाला होता, खून पाद्र्यानं केलाय. आपल्या पाद्रीबाबांशी वाजलं होतं ना, त्याचा राग. मी म्हणते, खून झालेल्याच्या बहिणीनं."

ती मोठ्यानं वाचू लागली. टॅपस्कॉटनं चष्मा काढला, सावकाश पुसला. तिनं पान उलटलं. पाद्रीच होता. मला जरा वाईटच वाटलं.

"जन्मभर चुकलास," ती कबरीच्या दगडाला म्हणाली, "आणि आता बरोबर आलास होय रे?"

खिशातला पाव काढून तिनं दगडावर ठेवला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा धुक्यातून समुद्रावरचा एक कुरव पक्षी येऊन पाव टोचत होता. टॅम्सिननं त्याला हाकललं नाही.

पुस्तक परत आलं तेव्हा शेवटच्या पानावर दोऱ्याची गाठ होती, आणि तिला लागूनच, तिनंच काढलेला वाकडातिकडा गळ. मी पुस्तक पुसून फळीवर ठेवलं, पुसली ती वरची धूळ तेवढी.