उन्हात राहिलेले रक्त

रायपूरच्या एका कॉलेजच्या पशुगृहात, मे महिन्यात, मी बातमीसाठी एका संशोधक बाईंना भेटलो. लस दिल्यावर सशांच्या रक्तातले कॉम्प्लिमेंट घटते का, हे त्या तपासत होत्या. कॉम्प्लिमेंट म्हणजे प्रतिपिंडांना जंतू मारायला मदत करणारी प्रथिने.

बोलताना त्यांचा अंगठा दोन बोटांवर सतत घासत होता. रक्त काढण्याआधी शीर वर यावी म्हणून सशाचा कान असाच चोळतात, असे त्यांनी सांगितले.

"मग, घटलं का?"

"घटलं. पण कशानं, हे मले बी नाही सांगता येत, भैया."

आदल्या दिवशी शेवटचे नमुने त्यांनी बर्फाच्या दोन डब्यांतून, स्कूटरवरून समता कॉलोनीतल्या प्रयोगशाळेत नेले. लस न दिलेल्या सशांचा डबा वर प्रयोगशाळेत गेला. लस दिलेल्यांचा डबा डिकीतच राहिला. दुपारभरात बर्फाचे पाणी झाले, आणि कॉम्प्लिमेंट उष्णतेनेही नष्ट होते. जी घट शोधायची होती ती सापडली होती, पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता.

"पुन्हा रक्त घ्या ना."

"कोणाचं घेऊ? शेवटचं रक्त काढलं, अन् नियमाप्रमाणे सगळ्यायले मारलं. इंजेक्शन मीच देलं."

दाराशी सायकल थांबली. "दीदी, घास!" चारावाल्याने हाक दिली.

"हव, रख दो."

त्याने हिरव्या गवताची जुडी ठेवली. उद्यापासून आणू नको, हे त्यांना सांगता आले नाही. तो गेल्यावर त्यांनी जुडी सोडली आणि रिकाम्या पिंजऱ्यांसमोर बसून गवत निवडायला घेतले.