रशीदचाचांनी बसवलेलं भूत

रशीदचाचा कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. हातातल्या छोट्या हातोडीने जमिनीवर दोनदा ठोकत, मान तिरकी करून ऐकत आणि मगच टेकत. मामी विचारायची, "चाचा, आमच्या फरशीला ताप आलाय का?"

"नाय बाई. बसू का म्हनून इचारतो. इचारलं की जमीन सांगती."

माझं आजोळ लासूर स्टेशनच्या पुढचं एक लहानसं स्टेशनगाव. चाचा तिथे रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी आपल्या वाट्याच्या रुळांवरून पायी जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून पाहायच्या, सैल झालेली घट्ट करायची. कुठली सैल आहे ते त्यांना आवाजावरूनच कळे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हातोडी सुटली नव्हती.

मी शहरात, पुंडलिकनगरात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत आजोळी गेले की तोंड मिटून बसायची, कारण माझ्या मराठीला भावंडं हसत. चाचा कधी हसले नाहीत. "बोलत नाय ते बरं हाय," एकदा म्हणाले. "रूळ सांभाळणाऱ्या आमच्या गँगमदी बोलणारे लई होते. ऐकणारा मी एकला."

गावाचा इतिहास मी त्यांच्याकडूनच ऐकला. लिहिलेला तो कुठे नाहीच. "इथं गाव नव्हतंच," ते सांगत. "निजामाच्या वख्ताला छोटी लाइन आली. इंजिनाला तहान लागायची, म्हनून हितं विहीर खोदली, थोरली, दोन बैलगाड्या आत फिरतील एवढी. इंजिन पाणी प्यायला थांबलं, म्हनून चायवाला आला. चायवाला आला, म्हनून कापूसवाले आले. आधी पाणी, मंग इंजिन, मंग गाव."

पुढे कोळशाची इंजिनं गेली, मोठी लाइन आली आणि विहीर निकामी झाली. वर्षानुवर्षं साठलेल्या इंजिनांच्या राखेचा ढीग तिथेच होता. तोच आत लोटून विहीर बुजवली, वर मुरूम पसरला. पहिल्याच वर्षी एक शेळी त्यात गळ्यापर्यंत रुतली. मग चाचांच्या गँगने बसून एक भूत तयार केलं. विहिरीत मेलेला ड्रायव्हर भर दुपारी शिट्टी मारतो.

"पाटी का नाही लावली?" मी विचारलं होतं.

"पाटी वाचायला शाळा लागती, पोरी. भुताला लागत नाय."

भुताने काम चोख केलं. स्टेशनला लागून असलेल्या त्या तुकड्यावर कुणी गुरंसुद्धा बांधली नाहीत. गाव चहूबाजूंनी वाढलं, तेवढं सोडून. शेवटी तिथेही प्लॉट पडले. भुतामुळे ते स्वस्त होते, आणि दिलीपमामाला घर बांधायचं होतं.

बांधकामाआधी एके दिवशी मामाने चार माणसं ओसरीवर बोलावली आणि चाचांना सरळ विचारलं, "चाचा, तुमचं वय झालं. आता खोटं बोलू नका. शिट्टीवाला आहे का?"

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "नाय रे दिलीप. आमीच उठवलं होतं ते. पन खाली..."

"संपलं!" मामाने टाळी दिली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? भूत रिटायर झालं!" हशा उसळला. त्या हशाखाली चाचांचं उरलेलं वाक्य फक्त मला ऐकू आलं, कारण मी त्यांच्या शेजारी होते. "पन खाली विहीर हाय. राखेची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांत मी काय बोलणार? मी मोबाइलकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मामाकडे गेले. मामा म्हणाला, "काल भूत काढलंत, आज विहीर काढता? उद्या काय, इंजिन?" त्याने प्लॉटच्या एका कोपऱ्यात चार फूट खणून पाहिलं, खाली घट्ट मुरूम लागला. त्याला तेवढं पुरलं. एकदा खोटी ठरलेली गोष्ट सांगणाऱ्याचं खरं कोण ऐकतं?

वास्तुशांतीला चाचा आले. उंबऱ्यावर हातोडी ठोकली, ऐकलं आणि आत पाऊल टाकलंच नाही. समोरच्या लिंबाखाली बसून जेवले. मी ताट घेऊन गेले तेव्हा हळूच म्हणाले, "टाइल पोकळ असली तर आवाज वरच राहतो. जमीन पोकळ असली तर आवाज खाली जातो, परत यायला वेळ लावतो. ध्यानात ठेव." मग हातोडी माझ्या हातात दिली. "माझा कान गेला आता."

कान गेला नव्हता. त्या हिवाळ्यात चाचाच गेले.

यंदा चैत्रात मी मामाकडे गेले. स्वयंपाकघराचं दार घासत होतं. "लाकूड फुगलंय," मामी म्हणाली. चैत्रात, त्या कोरड्या उन्हात? ओट्यावर ठेवलेलं लिंबू आपोआप घरंगळत कोपऱ्याकडे गेलं. मामीने न बघताच ते परत जागेवर ठेवलं. रोजचंच असावं.

दुपारी सगळे जेवत असताना मी पर्समधून हातोडी काढली. बैठकीपासून ठोकत गेले. आवाज कोरडा, आखूड. स्वयंपाकघरात तिसऱ्या फरशीला तो खाली गेला. मी थांबले. तो परत यायला वेळ लागला.

"ही बघा, चाचांची वारसदार!" मामा हसला. "काय म्हणतो शिट्टीवाला, मॅडम?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी मराठी अडखळत होती. "मामा, त्या दिवशी चाचांनी वाक्य पूर्ण केलं होतं. मी ऐकलं होतं. मी सांगितलं नाही. भूत नाही, पण विहीर आहे. इथे, आपल्या खाली."

मामा हात न धुताच उठला. माझ्या हातातून हातोडी घेतली, एकदा ठोकली. पुन्हा ठोकली. मान तिरकी केली, अगदी चाचांसारखी, आणि तसाच राहिला. दोन पावलांवर त्याची नात चिनू फरशीवर मांडी घालून वरणभात खात होती.

"चिनूला उचला," तो हळूच म्हणाला. "पळू नका. सावकाश बाहेर चला."