हळू आवाजातले गाऱ्हाणे

आम्ही गाव सोडले त्या सकाळी देवळासमोर आमच्यासाठी गाऱ्हाणे घातले गेले. देवाला हाक मारून मागणे मागायचे आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची, हा आमचा रिवाज. तो मान आमच्या घराण्याचा. परंतु निघणाऱ्याने स्वतःसाठी मागू नये, म्हणून चुलतभाऊ बबनने ते घातले. प्रत्येक गजराला माझी नात सायली रिक्षात कानांवर हात दाबून अधिकच आक्रसत होती. तिला बोलता येत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही. "जरा हळू," मी म्हटले. बबन हसला. "तात्यानू, हळू घातलेला गाऱ्हाणा देवाक आयकाक येयत काय?"

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच मुंबईला आलेल्या मंडळींनो, या स्थलांतराच्या दोन कथा तुम्ही फिरवता, त्या दोन्ही खोट्या आहेत. सुनेने म्हाताऱ्याला पोर सांभाळायला ओढून नेले, ही बबनची कथा. वास्तविक मुलगा आणि सून परळला नोकरीला असताना सायली माझ्यापाशी वाढली. गावच्या शाळेने तिला व्हरांड्यात बसवले, खिचडी दिली, अक्षर एकही दिले नाही. ते पाहून तिला घेऊन मुलाकडे, भोईवाड्याच्या चाळीत यायचे मी ठरवले. सुनेला नंतर कळवले.

दुसरी कथा लालबागच्या माझ्या पुतण्याची, दत्तूची. "आमच्या साहेबांचा फोन गेला, म्हणून सायलीचं शाळेत ॲडमिशन झालं," असे तो लग्नाकार्यांत सांगतो. त्याच्या साहेबांनी दत्तूचा फोन उचललादेखील नव्हता.

घडले ते असे. चाळीशेजारच्या शाळेतील मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आजोबा, वडाळ्याला अशा मुलांची वेगळी शाळा आहे. तिथे ती रमेल."

"बाई, ती रमायला आलेली नाही, शिकायला आली आहे. आणि चाळीतली सारी मुले याच शाळेत येतात."

बाई वाईट नव्हत्या. त्यांना पालकांची धास्ती होती. म्हणून त्यांनी पालकसभा बोलावली. सभेत आमच्याच चाळीतला सावंत उठला. "एका मुलीपायी वर्गाचं नुकसान कशाला?" माना डोलल्या. तालुक्याच्या कोर्टात कारकुनी केलेला मी, कायदा पाठ करून गेलो होतो. शेजारच्या शाळेत शिकणे हा तिचा हक्क आहे, हे मी कलमांसह सांगितले. कोणी ऐकेना. तेव्हा वडिलांचे शब्द आठवले: "गाऱ्हाण्यान देवाक नाय, माणसांक बांधूचा आसता."

मी हात जोडून, गावच्या सुरात, सभेतच सुरू केले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या वाटेत जो कोण आडो येयत, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

अर्धे सभागृह कोकणातले. बोलून गेले, "व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज सावंतचा.

आमच्यात हा शब्द एकदा तोंडातून गेला की मागे घेता येत नाही. सावंत खाली बसत पुटपुटला, "तात्यानू, फसयलात माका."

"मी नाय रे, तुझ्या जिभेन."

मुख्याध्यापिका देशावरच्या. काय झाले, असे त्यांनी शिपायाला विचारले. तो म्हणाला, "ठराव मंजूर झाला, बाई."

आज सायली त्या शाळेत घंटेपासून दूर, खिडकीशी बसते. विशेष शिक्षिका तिच्याजवळ येऊन शिकवतात. पाणी हवे, दमले, पुरे झाले, हे ती चित्रांची कार्डे दाखवून सांगते. तिसरे कार्ड ती मला फार दाखवते. तिने पहिले अक्षर गिरवले ते गावी कळवले, तेव्हा बबनने विचारले, "पण बोलता काय?" अक्षराचे मोल त्याला कधीच नव्हते.

यंदा चाळीच्या गणपतीसमोर गाऱ्हाणे घालायला मी उभा राहिलो. सवयीने आवाज चढला. साथ उठणार, तोच सावंतने ओठांवर बोट ठेवले. तिन्ही मजल्यांच्या सज्जांतून कुजबुजत आले, "व्हय म्हाराजा." सायलीने एका कानावरचा हात काढला.

दर शिमग्याला तुम्ही विचारता, तात्या घरी कधी येणार? गाऱ्हाण्याचा मान टाकून मी पळालो, असेही म्हणता. मान मी सोबत आणला आहे आणि मी घरीच आहे. बबन, देवाला हळू आवाज ऐकू येतो, हे मी इथे पाहिले. तुम्हा सर्वांना आवाज उतरवता आला की कळवा. सायलीला घेऊन येईन.